ओळख न ठेवता सक्रिय इन्स्टॉलेशन्स कशी मोजावीत

सॉफ्टवेअर तयार करून लोकांच्या हाती देणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच, की आपले काम आज नेमके किती ठिकाणी चालू आहे. डाउनलोडच्या आकड्यातून त्याचे उत्तर मिळत नाही. एकच स्वयंचलित चाचणी यंत्रणा तेच पॅकेज दिवसातून शेकडो वेळा उतरवून घेते, तर एखाद्या संस्थेत एकदाच उतरवलेली प्रत शंभर यंत्रांवर बसवली जाते. शिवाय डाउनलोड करून पुन्हा कधीच न उघडणाऱ्यांची संख्या वेगळीच. म्हणून सॉफ्टवेअरनेच अधूनमधून सर्व्हरला ‘मी चालू आहे’ असे कळवावे, ही कल्पना पुढे येते. इथवर काही गैर नाही. मात्र हे कळवणे वेगवेगळ्या यंत्रांकडून येते हे समजावे म्हणून बहुतेक जण प्रत्येक इन्स्टॉलेशनला एक कायमचा क्रमांक देऊन टाकतात, आणि त्या क्षणी मोजणीचे रूपांतर पाळतीत होते. मग हेतू कितीही चांगला असो.

हे मार्गदर्शन त्या डेव्हलपरांसाठी आणि मेंटेनरांसाठी आहे ज्यांना आकडा हवा आहे, पण कोणाच्या मागावर राहायचे नाही. माझे म्हणणे असे, की किती इन्स्टॉलेशन्स चालू आहेत हे जाणण्यासाठी त्यांतले एकही इन्स्टॉलेशन ओळखता येण्याची गरज नसते, आणि ज्या थोड्या प्रसंगी ती गरज असते तेथेही ओळखीचे आयुष्य फार कमी ठेवता येते.

एका विनंतीतून काय काय बाहेर जाते

आपले सॉफ्टवेअर रोज एकदा अपडेट तपासते असे समजू. त्या विनंतीत सॉफ्टवेअरची आवृत्ती आहे, ऑपरेटिंग सिस्टिमचे नाव आहे आणि पहिल्यांदा सुरू होताना तयार केलेला एक यादृच्छिक क्रमांक आहे. नाव नाही, ईमेल नाही, फोन नाही. अशी माहिती ‘निनावी’ आहे असे गोपनीयता धोरणात लिहिणारे अनेक जण प्रामाणिकपणेच तसे समजत असतात.

आता हीच विनंती सर्व्हरच्या बाजूने पाहावी. प्रत्येक विनंतीसोबत आयपी पत्ता येतोच, कारण त्याशिवाय उत्तर परत पाठवता येत नाही. आणि वेब सर्व्हर आपल्या लॉगमध्ये तो पत्ता सेकंदापर्यंतच्या वेळेसह नोंदवून ठेवतो. वर्षाअखेरीस एकाच क्रमांकाच्या ३६५ ओळी जमतात. त्यांतल्या सकाळच्या आणि रात्रीच्या ओळी एका घरगुती इंटरनेट जोडणीवरून आलेल्या असतात, दुपारच्या ओळी एखाद्या कंपनीच्या नावावर नोंदलेल्या पत्त्यावरून. मध्येच दहा दिवस दुसऱ्या देशातून विनंत्या येतात, आणि एका महिन्यापासून दुपारचा पत्ता बदललेला दिसतो. या माणसाने नोकरी बदलली हे कळायला नाव लागत नाही. त्याच पत्त्यावरून त्याच काळात एखाद्या संकेतस्थळावर लॉगिन झाले असेल, आणि ती दोन्ही लॉग कधी एकाच हाती पडली, तर नावही मिळते.

यंत्रावर कायम राहणारा क्रमांक हा असा धागा असतो. तो यादृच्छिक आहे याने काहीच साधत नाही, कारण धोका क्रमांकाच्या मजकुरात नसून त्याच्या टिकण्यात आहे. युरोपीय महासंघाच्या जीडीपीआर या नियमावलीने, जी २५ मे २०१८ पासून लागू आहे, आयपी पत्त्यांसारख्या ऑनलाइन ओळखचिन्हांचा उल्लेख याच कारणासाठी केला आहे. आणि त्याआधी २०१६ मध्ये ब्रायर खटल्यात महासंघाच्या न्यायालयाने असे ठरवले होते की बदलता आयपी पत्ताही, तो व्यक्तीशी जोडण्याचा कायदेशीर मार्ग उपलब्ध असेल तर, वैयक्तिक माहिती ठरू शकतो.

पहिले काम: प्रश्न कागदावर उतरवणे

कोड लिहिण्यापूर्वी, या आकड्यावरून आपण कोणता निर्णय घेणार आहोत ते एका वाक्यात लिहून काढावे. ‘वापराची माहिती मिळावी’ हे असे वाक्य नव्हे. ‘तीनच्या मालिकेतल्या आवृत्त्या वापरणारे दहा टक्क्यांपेक्षा कमी उरले की त्यांना सुरक्षा दुरुस्त्या देणे थांबवायचे’ हे असे वाक्य आहे, आणि त्यातूनच कळते की आपल्याला आवृत्त्यांचे प्रमाण हवे आहे, एकूण संख्या दुय्यम आहे, आणि ऑपरेटिंग सिस्टिम, भाषा, स्मृतीचा (मेमरीचा) आकार यांची तर काहीच गरज नाही. ज्या रकान्यासाठी असे वाक्य लिहिता येत नाही तो रकाना पाठवूच नये.

हा नियम पाळणे कठीण जाते, कारण ‘असू दे, पुढे उपयोगी पडेल’ हा मोह मोठा असतो आणि एकेक रकाना निरुपद्रवी दिसतो. पण रकान्यांचा गुणाकार होतो. आवृत्तीचे १२ पर्याय, ऑपरेटिंग सिस्टिमचे २०, भाषेचे ४०, वेळविभागाचे २४, स्मृतीच्या आकाराचे १० आणि प्रोसेसरचे ५० असे धरले, तर एकूण ११ कोटी ५२ लाख जोड्या होतात. ज्या सॉफ्टवेअरची इन्स्टॉलेशन्स काही हजारच आहेत तेथे नेहमीच्या जोड्या सोडल्या तर बाकी प्रत्येक जोडी एकेकट्याच यंत्राची असणार, म्हणजे क्रमांक न देताही आपण क्रमांक दिल्यासारखेच झाले. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ८३.६ टक्के ब्राउझर केवळ त्यांच्या अशा बाह्य लक्षणांवरून इतरांपासून वेगळे ओळखता आले होते. कोणत्याही कुकीची गरज पडली नव्हती.

अगदी लागणाराच रकाना असेल तर त्याची धार कमी करावी. स्मृती मेगाबाइटमध्ये पाठवण्याऐवजी ‘आठ जीबीपेक्षा कमी’ आणि ‘आठ किंवा अधिक’ असे दोन गट पुरतात. देश हवा असेल तर शहर घेऊ नये. आवृत्तीत बिल्डचा क्रमांक असेल तर तो गाळावा, कारण स्वतः कंपाइल करणाऱ्या मोजक्या लोकांना तो ताबडतोब उघडे पाडतो. इन्स्टॉल केलेल्या प्लगिनांची यादी मात्र धार कमी करूनही सुरक्षित होत नाही: एखाद्या कंपनीने अंतर्गत वापरासाठी लिहिलेल्या प्लगिनचे नाव यादीत आले, की ते यंत्र कोणाचे हे त्या नावानेच सांगितलेले असते. अशी यादी हवीच असेल तर सार्वजनिक संग्रहात असलेली नावेच तेवढी पाठवावीत आणि ही गाळणी वापरकर्त्याच्या यंत्रावर व्हावी, सर्व्हरवर नव्हे.

क्रमांकाशिवाय मोजणी

आता मुख्य भागाकडे येऊ. दोन कळवणी एकाच यंत्राची आहेत हे सर्व्हरला ओळखता यावे म्हणून आपण क्रमांक देतो; पण दुसरे कळवणे मुळात पाठवलेच नाही तर ते ओळखण्याचा प्रश्नच उरत नाही. मोजणीची जबाबदारी सर्व्हरवरून काढून यंत्रावर टाकणे, एवढाच हा बदल आहे.

फेडोरा या लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पाचा अनुभव येथे मोलाचा आहे. आपली प्रणाली किती यंत्रांवर चालते हे ते पूर्वी वेगवेगळे आयपी पत्ते मोजून ठरवीत, आणि त्यात दोन्ही बाजूंनी चूक होई: एका कार्यालयातली दोनशे यंत्रे एकाच पत्त्यामागे लपत, तर घर आणि कार्यालय यांत फिरणारा एक लॅपटॉप दोनदा मोजला जाई. २०१९ च्या आरंभी प्रत्येक यंत्राला कायमचा क्रमांक देण्याचा प्रस्ताव आला. त्यावर गोपनीयतेच्या मुद्द्यावरून जोरदार आक्षेप घेतले गेले, चर्चा झाली, आणि त्यातून ‘काउंटमी’ ही पद्धत निघाली, जी २०२० मध्ये फेडोरा ३२ पासून आली. पॅकेज व्यवस्थापक, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणारे व अद्ययावत करणारे साधन, आठवड्याभरात मिरर सर्व्हरची (त्याच फाइलींच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरची) यादी मागण्यासाठी अनेक विनंत्या करतो. त्यांपैकी यादृच्छिकपणे निवडलेल्या एकाच विनंतीला तो एक लहानसा अंक जोडतो. सर्व्हरने त्या आठवड्यातले असे अंक मोजायचे, की झाली मोजणी.

तो अंक १ ते ४ यांपैकी असतो आणि त्यातून यंत्रावरच्या इन्स्टॉलेशनचे वय कळते: पहिला आठवडा, दुसरा ते चौथा आठवडा, पाचवा ते चोविसावा आठवडा, आणि त्यापुढचे सारे. ही विभागणी मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. चाचणीसाठी उभे केलेले आणि तासाभरात मोडून टाकलेले कंटेनर (तात्पुरती, वेगळी ठेवलेली प्रणाली) कायम पहिल्याच गटात पडतात, त्यामुळे पहिला गट फुगलेला दिसला तरी उरलेल्या तीन गटांवरून खऱ्या, टिकणाऱ्या इन्स्टॉलेशन्सचा आकडा मिळतो. कायमचा क्रमांक ठेवणाऱ्यांनाही हा भेद करायला महिनोन्‌महिन्यांचा लॉग चाळावा लागला असता.

आपल्या सॉफ्टवेअरमध्ये हे बसवायला फारसे कष्ट नाहीत. स्थानिक फाइलमध्ये दोनच गोष्टी लिहून ठेवाव्यात: इन्स्टॉल झाल्याचा आठवडा, आणि शेवटचे कळवलेला आठवडा. आठवडा सर्वांसाठी एकाच क्षणी बदलावा, म्हणून तो जागतिक प्रमाणवेळेनुसार सोमवारी सुरू झाला असे धरावे. सॉफ्टवेअर अपडेट तपासायला निघाले की चालू आठवडा आणि शेवटचे कळवलेला आठवडा यांची तुलना करावी. दोन्ही एकच असतील तर साधी विनंती पाठवावी, वेगळे असतील तर वयाच्या गटाचा अंक जोडून पाठवावी. विनंती यशस्वी झाल्यावरच फाइलमधला आठवडा बदलावा. तारखा यंत्राबाहेर कधीही जाऊ देऊ नयेत. बाहेर जातो तो फक्त गट. इन्स्टॉल केल्याची अचूक तारीख पाठवण्याची चूक अनेकदा होते, आणि सेकंदापर्यंतची तारीख म्हणजे दुसऱ्या नावाने दिलेला क्रमांकच असतो.

अशा मोजणीसाठी वेगळी विनंती न करता आधीच होत असलेल्या अपडेट तपासणीला अंक जोडणे मला अधिक बरे वाटते, कारण त्यामुळे वापरकर्त्याच्या यंत्रातून एकही नवी जोडणी बाहेर जात नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. मागच्या आठवड्यात दिसलेले यंत्र या आठवड्यातही आहे का, हे तिच्यातून कधीच कळणार नाही. एकूण बेरीज तेवढी कळते. कोणी मुद्दाम खोटी कळवणी पाठवली तर ती सहजासहजी ओळखू येणार नाहीत. या दुसऱ्या आक्षेपाच्या आधारे क्रमांकाचा आग्रह धरला जातो, पण ज्याला आकडा फुगवायचा आहे तो प्रत्येक वेळी नवा यादृच्छिक क्रमांकही तयार करू शकतो, त्यामुळे क्रमांकाने ते संरक्षण मिळत नाही.

क्रमांक टाळता येत नसेल तेव्हा

काही प्रश्नांना थोडी ओळख लागतेच. नवी आवृत्ती घेतल्यानंतर किती जण आठवड्याभरात जुनीकडे परततात, हे पाहायचे असेल तर दोन कळवणी जोडावी लागतात. तेव्हा क्रमांक द्यावा, पण तो अल्पायुषी असावा: तीस दिवसांनी सॉफ्टवेअरने तो स्वतः टाकून नवा तयार करावा, आणि जुन्या व नव्या क्रमांकाचा संबंध कोठेही लिहून ठेवू नये. अनेकदा त्याचीही गरज नसते, कारण ‘जुन्या आवृत्तीकडे परतलो’ ही घटना यंत्राला स्वतःलाच कळते आणि ते एका अंकात कळवता येते. प्रत्येक वेळी हा प्रश्न विचारावा: जे उत्तर मी सर्व्हरवर काढणार आहे ते यंत्रावरच काढून फक्त निष्कर्ष मागवता येईल का?

यंत्राचा स्वतःचा क्रमांक कधीही वापरू नये. नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, हार्ड डिस्कचा अनुक्रमांक, किंवा लिनक्सवर सिस्टमडी या प्रणाली सुरू करून सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने ठेवलेला मशीन आयडी हे सर्व इन्स्टॉलेशनपेक्षा अधिक काळ किंवा अधिक ठिकाणी टिकतात आणि इतर सॉफ्टवेअरनाही तेच दिसतात, त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांच्या नोंदी त्यांच्यावरून जुळवता येतात. सिस्टमडीच्या दस्तऐवजातच हा मशीन आयडी गोपनीय मानावा आणि नेटवर्कवर उघड करू नये असे स्पष्ट सांगितले आहे, आणि त्यापासून प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनसाठी वेगळा क्रमांक काढण्याची सोयही दिलेली आहे. तरीही माझा सल्ला साधा यादृच्छिक क्रमांक तयार करण्याचाच राहील, कारण तो सॉफ्टवेअर काढून टाकल्यावर त्याच्यासोबत नाहीसा होतो.

हॅश केल्याने, म्हणजे गणिती सूत्राने पत्त्याचे न उलटणाऱ्या ठशात रूपांतर केल्याने, पत्ता निनावी होतो हा समज येथेच खोडून काढायला हवा. चौथ्या आवृत्तीचे (आयपीव्ही४) आयपी पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत. ज्याला हॅशवरून पत्ता काढायचा आहे त्याने हॅश उलटा फिरवण्याची गरज नाही. त्याने शून्यापासून शेवटच्या पत्त्यापर्यंत प्रत्येकाचा हॅश काढायचा आणि आपल्याकडच्या यादीशी ताडून पाहायचा. साध्या लॅपटॉपला या कामास काही मिनिटे लागतात, ग्राफिक्स कार्डाला त्याहूनही कमी. मॅक पत्ता यापेक्षा लांब, ४८ बिटांचा असतो, पण त्यातले पहिले २४ बिट सामान्यतः उत्पादकाचे असतात आणि ते जाहीर यादीत मिळतात, म्हणून तोही सुरक्षित नाही. हॅश काढण्यापूर्वी मजकुरात सॉल्ट (शब्दशः ‘मीठ’), म्हणजे एक गुप्त यादृच्छिक मजकूर, मिसळल्याने फरक पडतो तो तेवढ्यापुरताच, कारण सॉल्ट ज्याच्याजवळ आहे त्याला सारे खुलेच असते. रोज नवे सॉल्ट तयार करून आदल्या दिवशीचे कायमचे पुसून टाकले तरच ती माहिती परत मिळवण्याची वाट खऱ्या अर्थाने बंद होते. मात्र मग एका दिवसापुरतीच वेगवेगळी यंत्रे मोजता येतात, आणि ज्याला आठवड्याचा आकडा हवा आहे त्याने आठवड्याचे सॉल्ट वापरून तेवढा धोका पत्करावा.

संवेदनशील प्रश्न असेल, उदाहरणार्थ अपंगत्वासाठीची एखादी सोय कितीजण वापरतात, तर १९६५ मध्ये स्टॅन्ली वॉर्नर यांनी मांडलेल्या यादृच्छिक उत्तर पद्धतीचा विचार करावा. तिच्या एका सोप्या रूपात यंत्र मनातल्या मनात नाणे उडवते: छापा आला तर खरे उत्तर पाठवते, काटा आला तर पुन्हा नाणे उडवून छाप्याला ‘हो’ आणि काट्याला ‘नाही’ असे पाठवते. कोणत्याही एका यंत्राच्या ‘हो’वर विश्वास ठेवता येत नाही, पण सर्वांची बेरीज बोलते. १००० यंत्रांपैकी ४०० जणांनी ‘हो’ पाठवले असेल, तर त्यातले सुमारे २५० निव्वळ नाण्याचे आहेत. उरलेले १५० हे खरे बोलणाऱ्या ५०० मधले, म्हणजे खरे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास. लहान प्रकल्पाला मात्र ही पद्धत मानवत नाही. इन्स्टॉलेशन्स शंभरच असतील तर अंदाज दहा टक्क्यांनी इकडेतिकडे होणे अगदी नेहमीचे, आणि मग त्या आकड्यावर निर्णय घेता येत नाही.

सशुल्क सॉफ्टवेअरचा परवाना तपासताना ग्राहकाची ओळख लागते हे उघड आहे. ते काम वापराच्या मोजणीपासून पूर्ण वेगळे ठेवावे: वेगळा सर्व्हर, वेगळा लॉग, आणि परवान्याचा क्रमांक मोजणीच्या विनंतीत कधीही नाही.

सर्व्हरच्या बाजूची काळजी

विनंतीत काहीच खासगी नसले तरी लॉगमध्ये पत्ता आणि वेळ उतरतेच, आणि बहुतेक प्रकल्पांत सर्व काळजी क्लायंटची घेतली जाते व लॉग मात्र जसाच्या तसा वर्षानुवर्षे पडून राहतो. मोजणीच्या पत्त्यासाठी वेब सर्व्हरचा लॉग वेगळा करावा. त्यात आयपी पत्ता लिहूच नये; गैरवापर रोखण्यासाठी तो हवाच असेल तर चौथ्या आवृत्तीच्या पत्त्याचा शेवटचा भाग शून्य करावा, सहाव्या आवृत्तीच्या पत्त्याचे पहिले ४८ बिट ठेवून बाकीचे गाळावेत, आणि हे लॉग लिहिताना करावे, नंतर एखाद्या स्क्रिप्टने नव्हे. वेळ तासापर्यंत किंवा दिवसापर्यंतच नोंदवावी. कच्चा लॉग रोज रात्री बेरजेत रूपांतरित करावा आणि सात दिवसांत पुसावा.

पुसताना बॅकअप विसरू नये. मुख्य सर्व्हरवरून सात दिवसांत गेलेली नोंद रोजच्या बॅकअपमध्ये दोन वर्षे राहत असेल, तर धोरणात लिहिलेले ‘सात दिवस’ खरे नाहीत. तसेच पुढे सीडीएन (वापरकर्त्याच्या जवळून फाइली पुरवणारे सर्व्हरचे जाळे) लावलेला असेल तर त्याचा स्वतःचा लॉग असतो, त्रुटी नोंदवणाऱ्या सेवेकडे पूर्ण विनंती जाऊ शकते, आणि फायरवॉलही आपल्या परीने नोंद ठेवतो. यांतल्या प्रत्येकाची सेटिंग उघडून पाहावी.

मोजणीसाठी तिसऱ्या कंपनीची विश्लेषण सेवा जोडणे सर्वांत सोपे असते, आणि सर्वांत जास्त विश्वास त्यानेच गमावला जातो, कारण आपल्या वापरकर्त्यांचे पत्ते त्या कंपनीला आपणहून मिळतात. मे २०२१ मध्ये ऑडॅसिटी या ध्वनिसंपादकात गुगल आणि यांडेक्स यांच्या सेवा वापरून टेलिमेट्री, म्हणजे वापराची माहिती आपोआप पाठवण्याची सोय, घालण्याचा प्रस्ताव आला तेव्हा वापरकर्त्यांनी एवढा विरोध केला की तो मागे घ्यावा लागला. होमब्रू या पॅकेज व्यवस्थापकाने गुगल ॲनालिटिक्स ही विश्लेषण सेवा सोडून २०२३ मध्ये इन्फ्लक्सडीबी या डेटाबेसकडे वाटचाल केली. आठवड्याला काही हजार अंक मोजायला एवढी मोठी सेवा लागत नाही. एक साधा डेटाबेस आणि तीन रकान्यांचे कोष्टक पुरते.

संमती कशी मागावी

डेबियन या लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टिमचे पॉप्युलॅरिटी कॉन्टेस्ट, म्हणजे कोणती पॅकेजे वापरात आहेत हे मोजणारे साधन, हे याबाबतीत अजूनही अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. इन्स्टॉल करतानाच ते सहभागाबद्दल विचारते, आधीपासून निवडलेले उत्तर ‘नाही’ असते, आणि ‘हो’ म्हणणाऱ्यांकडूनच आठवड्याला अहवाल जातो. यात स्वेच्छेने आलेल्यांचीच मोजणी होते, त्यामुळे एकूण संख्या कळत नाही. पण दोन पॅकेजांपैकी कोणते अधिक वापरात आहे हे कळते, आणि डेबियनला आपल्या डिस्कवर कोणते पॅकेज आधी ठेवायचे हे ठरवायला तेवढेच हवे असते. प्रश्न आधी लिहून काढण्याचा फायदा तो हाच.

गो या प्रोग्रामिंग भाषेच्या चमूने फेब्रुवारी २०२३ मध्ये टेलिमेट्रीचा आराखडा मांडला तेव्हा ती मुळात चालू असणार होती आणि नको असेल त्याने बंद करायची होती. वापरकर्त्यांच्या प्रतिक्रियांनंतर ते उलटे केले गेले: २०२४ मध्ये आलेल्या गो १.२३ मध्ये आकडे मुळात वापरकर्त्याच्या यंत्रावरच साठतात आणि त्याने स्वतः चालू केल्याशिवाय पाठवले जात नाहीत. आकडे कमी येतील ही भीती समजण्यासारखी आहे, पण ज्यांनी होकार दिला आहे अशा थोड्यांची माहिती ही, न विचारता घेतलेल्या सर्वांच्या माहितीपेक्षा, बहुतेक निर्णयांना पुरेशी असते.

कायद्याच्या दृष्टीनेही येथे सावध राहावे. युरोपातील ई-प्रायव्हसी निर्देशानुसार वापरकर्त्याच्या उपकरणावर काही साठवणे किंवा तेथील माहिती वाचणे यासाठी, वापरकर्त्याने मागितलेल्या सेवेसाठी ते अत्यावश्यक नसेल तर, संमती लागते. आणि १ ऑक्टोबर २०१९ च्या प्लॅनेट४९ निकालात महासंघाच्या न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या: आधीच खूण केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, आणि साठवलेली माहिती वैयक्तिक आहे की नाही याने हा नियम बदलत नाही. म्हणजे ‘आमचा क्रमांक निनावी आहे’ हे उत्तर तेथे चालत नाही. वर सांगितलेली आठवड्याची मोजणीसुद्धा यंत्रावरच्या फाइलवर चालते, तेव्हा ती मुळात चालू ठेवण्यापूर्वी कायद्याच्या जाणकाराला विचारावे.

संमतीचा मजकूर लिहिताना ‘उत्तम अनुभवासाठी’ यासारखी शब्दरचना टाळावी आणि जे पाठवले जाणार आहे तेच जसेच्या तसे दाखवावे. सिंकथिंग हे फाइल जुळवणारे सॉफ्टवेअर होकार मागतानाच पाठवायचा अहवाल पूर्ण दाखवते. फायरफॉक्समध्ये टेलिमेट्रीसाठी खास पान आहे जेथे नोंदवलेली माहिती वाचता येते. आपल्याकडेही तशी आज्ञा असावी, आणि नेटवर्कवर जाणारा मजकूर व पडद्यावर दिसणारा मजकूर एकाच फंक्शनमधून यावा, म्हणजे दोन्हींत पुढे तफावत पडणार नाही. संमती एकदाच विचारावी आणि नकार मिळाला तर अपडेटनंतर तो विषय पुन्हा उकरून काढू नये. कमांड लाइनवर चालणाऱ्या साधनाने ‘डू नॉट ट्रॅक’ (DO_NOT_TRACK) या नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे सर्व प्रोग्रामना दिसणारी सेटिंग, १ असा ठेवलेला आढळला, तर काही न विचारता गप्प राहावे. पहिली विनंती प्रश्न विचारण्यापूर्वीच निघून जात नाही ना, हे स्वच्छ यंत्रावर वायरशार्क हे नेटवर्कवरून जाणारा मजकूर दाखवणारे साधन लावून स्वतः पाहावे. ही चूक वाटते त्यापेक्षा पुष्कळ ठिकाणी असते.

आकडे जाहीर करताना

मोजलेले आकडे सर्वांसाठी खुले करावेत असे मला मनापासून वाटते, कारण ज्यांच्याकडून ते आले त्यांचाही त्यांवर हक्क आहे. पण लहान आकडे घात करतात. एखाद्या देशात गेल्या आठवड्यात ४ आणि या आठवड्यात ५ इन्स्टॉलेशन्स असे छापले, तर तेथे नव्याने सुरुवात करणाऱ्या एकाच माणसाबद्दल आपण जाहीर विधान केलेले असते. दहापेक्षा कमी असलेला प्रत्येक आकडा ‘दहापेक्षा कमी’ असाच दाखवावा आणि मोठे आकडे गोळाबेरीज करून द्यावेत. वर्डप्रेसच्या प्लगिन संग्रहात सक्रिय इन्स्टॉलेशन्स अशाच टप्प्यांनी दिसतात. गाळलेला आकडा एकूण बेरजेतून वजाबाकी करून परत मिळत नाही ना, हेही तपासावे.

आधीच साठलेल्या क्रमांकांचे काय करावे

ज्यांच्याकडे वर्षानुवर्षांचे क्रमांक आणि पत्ते साठले आहेत त्यांनी प्रथम नव्या क्लायंटमधून क्रमांक पाठवणे बंद करावे आणि जुना क्रमांक ठेवणारी स्थानिक फाइल अपडेटच्या वेळीच पुसून टाकावी. जुन्या आवृत्त्या तरीही क्रमांक पाठवत राहतील, म्हणून सर्व्हरने तो रकाना वाचण्याआधीच टाकून द्यावा. विनंतीच्या पत्त्यात तो येत असेल तर तो लॉगमध्ये उतरण्यापूर्वी गाळावा. मग जुन्या नोंदींतून आठवड्यांच्या बेरजा काढून घ्याव्यात, त्या वापरायच्या निर्णयांना पुरतात का ते एकदा पाहावे, आणि मूळ कोष्टके बॅकअपसह नष्ट करावीत. कोणते रकाने होते, ते कोणत्या तारखेला नष्ट केले आणि आता काय पाठवले जाते, हे पुढच्या आवृत्तीच्या बदलांच्या यादीत वरच्याच ओळींत लिहावे.